दोन मुदी भात, एक मूद मॅकरोनी: पुण्यात हवाईयन प्लेट लंचचं पार्सल काउंटर

हवाईयन प्लेट लंचचं पार्सल काउंटर काढायचं ठरलं की सगळी चर्चा चिकनभोवती फिरते. कोणता सॉस, किती तास मुरवायचं, ग्रिल घ्यायचा की तंदूर. चिकन पुण्यात कोणालाही जमतं. काउंटर बंद पडतं ते भातामुळे आणि मॅकरोनी सॅलडमुळे, कारण ही दोन कामं सकाळी सगळ्यात नव्या पोराच्या गळ्यात पडतात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी भात, मग सॅलड, चिकन त्यानंतर.

प्लेट लंच म्हणजे दोन मुदी पांढरा भात, एक मूद मॅकरोनी सॅलड आणि उरलेल्या जागेत मांस, मासा किंवा अंडं. आपल्याकडे पंगतीत वरणभाताची मूद वाटीने पाडतात, तिथे आइस्क्रीमच्या स्कूपने. वर कोथिंबीर नाही, लिंबाची फोड नाही, कांद्याच्या चकत्या नाहीत. डबा उघडल्यावर पांढरं, पांढरट आणि तपकिरी एवढंच दिसतं, आणि ते तसंच दिसायला हवं. फोटो चांगला यावा म्हणून लेट्यूसचं पान घालणारे पुष्कळ आहेत. गरम भाताशेजारी ते पान दहा मिनिटांत भिजलेल्या रुमालासारखं होतं.

हे जेवण ऊसमळ्यांतून आलं. हवाईत पहिला मोठा ऊसमळा १८३५ साली काउआई बेटावर कोलोआला सुरू झाला. पुढच्या काळात तिथे चीन, जपान, पोर्तुगाल, पोर्तो रिको, कोरिया आणि फिलिपाइन्समधून मजूर आले. त्यांच्या डब्याला 'काउ-काउ टिन' म्हणत. पुडांचा डबा, खालच्या पुडात भात, वरच्यात कालवण. आपल्या गिरणीकामगाराच्या डब्याशी त्याचं नातं सांगायला लागू नये. मळ्यावर एकत्र बसून खाताना एकाचं कालवण दुसऱ्याच्या भातावर जाई. पुढे लंच वॅगन नावाच्या गाड्या आल्या, मग ड्राइव्ह-इन. होनोलुलूचं रेनबो ड्राइव्ह-इन १९६१ पासून हेच विकतं आहे. त्यामुळे एकाच पाटीवर जपानी कात्सू (ब्रेडचा चुरा लावून तळलेला मांसाचा तुकडा), कोरियन काल्बी (मुरवून भाजलेल्या बरगड्या) आणि मूळ हवाईयन कालुआ पोर्क दिसलं तर गोंधळ झाला असं समजू नका. हवाईतलं 'मिक्स्ड प्लेट' ते हेच.

अननस घातला की पदार्थ हवाईयन झाला, हा समज मात्र पहिल्या दिवशी सोडा. हवाईयन पिझ्झा १९६२ साली कॅनडात जन्मला. प्लेट लंचमध्ये अननस फार तर सॉसमध्ये असतो.

भात: इंद्रायणीच

तिथे कॅलरोज नावाचा मध्यम दाण्याचा, किंचित चिकट तांदूळ वापरतात. आयात केलेला घ्यायची गरज नाही, कारण मावळातला इंद्रायणी या कामाला जवळजवळ मापात बसतो. आंबेमोहराच्या घराण्यातला हा वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आला. दाणा दाण्याला धरतो, तरी गिचका होत नाही. बासमतीची मूद डब्याचं झाकण लागेपर्यंत टिकत नाही. कोलमची स्कूटरवर पहिल्या गतिरोधकाला फुटते. आंबेमोहर चवीला वरचढ असला तरी दाणा बारीक आणि फार मऊ, दाबला की लगदा. इंद्रायणीला वास असतो, कॅलरोजला नसतो. एवढी तडजोड पुण्यात कोणाला खुपत नाही.

तांदूळ जुना घ्या, निदान सहा महिन्यांचा. दिवाळीनंतर बाजारात नवा इंद्रायणी येतो, दुकानदार कौतुकाने तोच पुढे करतो आणि त्याची मूद पेजेसारखी पसरते. पोतं बदललं की एक वाटी शिजवून पाहा, मगच पातेलं चढवा. इलेक्ट्रिक राइस कुकरमध्ये जुन्या तांदळाला एका मापाला दीड माप पाणी पुरतं, नव्याला सव्वा. तीन पाण्यांत धुवायचा, वीस मिनिटं भिजवून निथळायचा, मग मोजलेलं पाणी घालायचं. मीठ नाही, तेल नाही, तूप तर नाहीच. तुपाने दाणे सुटे होतात आणि आपल्याला ते चिकटलेले हवे असतात. बटण उडाल्यावर झाकण न उघडता बारा-पंधरा मिनिटं वाफेवर ठेवा, नंतर ओल्या लाकडी उलथन्याने तळापासून एकदाच वर-खाली करा. ढवळत बसलात की भाताचा गिचका होतो.

प्रेशर कुकर टाळा. घरी चार माणसांचा भात त्यात छान होतो, पण तीन-चार किलोला तळ गिचका आणि वरचा थर फडफडीत, अशी दोन टोकं एकाच भांड्यात निघतात.

किलोभर तांदळाचा साधारण दोन किलो चारशे ग्रॅम भात होतो. एक मूद ११० ग्रॅमची धरा, म्हणजे डब्याला २२० ग्रॅम भात आणि सुमारे ९० ग्रॅम कोरडे तांदूळ. चाळीस डब्यांना ३ किलो ६०० ग्रॅम. हे सगळं एकदम शिजवू नका. अर्धा साडेबाराला तयार हवा, अर्धा सव्वाला.

स्कूपच्या बाबतीत फसायला होतं. तिकडे आठ नंबरचा स्कूप चालतो, म्हणजे पोटात साधारण ११८ मिली. भांड्यांच्या दुकानात आइस्क्रीम स्कूप मागितला तर बहुतेक वेळा त्याच्या निम्म्याचा मिळतो. दुकानातच पाणी भरून मोजून घ्या. खटका असलेलाच घ्यावा, नाहीतर प्रत्येक मूद चमच्याने उकरावी लागते. शेजारी पाण्याचं भांडं ठेवायचं, दर मुदीला स्कूप बुडवून झटकायचा आणि ते पाणी तासाभराने बदलायचं. भात स्कूपमध्ये भरून भांड्याच्या कडेवर एकदाच सपाट करा. अंगठ्याने ठासून भरलेली मूद गार झाली की दगड होते.

भात ६० अंशांच्या वर राहायला हवा. कुकरचा 'वॉर्म' तेवढा असतो का, ते थर्मामीटर खुपसून बघा. बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भातात ते आरामात वाढतात. त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात लगेच परातीत पातळ पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी तो स्टाफच्या फोडणीच्या भाताला. मुदीला कधीच नाही.

मॅकरोनी सॅलड, म्हणजे खरी परीक्षा

या सॅलडबद्दल पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, मॅकरोनी नि मेयोनीज, त्यात काय करायचं? करायचं एकच: इटालियन शिकवण विसरायची. मॅकरोनी दाताखाली कणखर लागली पाहिजे, हा नियम इथे चालत नाही. ती जास्तच शिजवायची, कारण मऊ, फुगलेली मॅकरोनीच मेयोनीज पिते. कणखर राहिली तर मेयोनीज वरून घसरतं आणि डब्याच्या तळाशी पांढरं तळं साचतं.

अर्धा किलो एल्बो मॅकरोनी घ्या. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं आहे ना, ते वाचून घ्या. स्वस्त, मैद्याची मॅकरोनी दहाव्या मिनिटाला विरघळायला लागते आणि इथे तर आपण आणखी पुढे जाणार आहोत. पाच लिटर पाणी, त्यात पन्नास ग्रॅम मीठ. पाकिटावर आठ मिनिटं लिहिली असतील तर तेरा-चौदा मिनिटं उकळा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, पाणी शंभरच्या जरा आधीच उकळतं, तेव्हा मिनिटभर इकडे-तिकडे धरून चाला. घड्याळापेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. एक दाणा चिमटीत दाबला की मध्ये पांढरा ठिपका दिसता कामा नये आणि तो विरोध न करता चेपला पाहिजे, पण त्याची नळी फाटलेली नको. वाकडा दाणा किंचित उलगडून लांबट झालेला दिसतो. तिथे थांबायचं.

चाळणीत निथळा, थंड पाण्याखाली धरू नका. गरम असतानाच पातेल्यात परत टाकून त्यावर ६० मिली अॅपल सायडर व्हिनेगर घाला. साधं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर असेल तर ४० मिली, त्यात २० मिली पाणी. हलवून दहा मिनिटं झाकून ठेवा. आंबटपणा दाण्याच्या आत जातो तो याच वेळी. गार मॅकरोनीवर घातलेलं व्हिनेगर नुसतं बाहेर लागतं, आणि सॅलड एकाच वेळी आंबट आणि सपक होतं.

दुसऱ्या भांड्यात ४५० ग्रॅम मेयोनीज, २५० मिली उकळून गार केलेलं दूध, एक चमचा साखर, अर्धा चमचा मिरपूड आणि चवीला मीठ फेटून घ्या. दूध आधी मेयोनीजमध्येच फेटायचं. व्हिनेगर प्यायलेल्या मॅकरोनीवर ते थेट ओतलंत तर फाटतं आणि कण दिसतात. मॅकरोनी हाताला कोमट लागली की यातलं निम्मं मिश्रण घाला. गरमागरम असताना घातलं तर मेयोनीजचं तेल सुटतं. पूर्ण गार झाली की उरलेलं घाला, सोबत एक गाजर अगदी बारीक किसून आणि चमचाभर कांद्याचा कीस, त्याच्या पाण्यासकट. संपलं. सिमला मिरची, मका, काकडी, डाळिंब, हे सगळं बाहेर. काकडी दोन तासांत पाणी सोडते आणि मूद बसते.

अंडं नसलेलं मेयोनीज आपल्याकडे जास्त खपतं आणि ते मुळात गोड असतं. ते वापरत असाल तर साखर गाळा आणि व्हिनेगर दहा मिली वाढवा. व्हेज डबाही विकायचा असेल तर सॅलड एकच ठेवा, अंडं नसलेलं. दोन सॅलडं, दोन स्कूप, दोन ट्रे आणि दुपारी एकच्या गर्दीत चुकलेला एक चमचा, हा ताप कशाला? कच्च्या अंड्याचं मेयोनीज दुकानात फेटायच्या भानगडीत पडू नका. तेलंगणाने २०२४ साली त्यावर वर्षभराची बंदी घातली ती हौसेने नव्हे.

सॅलड आदल्या संध्याकाळी करायचं. निदान चार तास, खरं तर रात्रभर फ्रीजमध्ये. मात्र खोल पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भाग कितीतरी तास कोमट राहतो. पाच सेंटीमीटरपेक्षा जास्त थर होणार नाही असे पसरट ट्रे वापरा. सकाळी झाकण काढल्यावर सॅलड कोरडं, गोळा झालेलं दिसेल. बिघडलेलं नसतं, प्यायलेलं असतं. तीन चमचे मेयोनीज, थोडं दूध, हलक्या हाताने ढवळा. मूद उभी राहिली पाहिजे, पण तिच्या कडा किंचित ढळायला हव्यात. वडीसारखी कापली जाणारी मूद म्हणजे दूध कमी पडलं.

अर्धा किलो मॅकरोनीत १२० ग्रॅमच्या सोळा मुदी होतात, चाळीस डब्यांना सव्वा किलो धरा. काउंटरवर ट्रे बर्फात बसवा, तापमान पाचच्या आत ठेवा. एप्रिल-मेमध्ये बर्फ दर दोन तासांनी बदलावा लागतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणं पुण्याला नवं नाही, तेव्हा बुधवारी रात्री बर्फाच्या चार पिशव्या जास्त गोठवून ठेवलेल्या बऱ्या. तिसऱ्या दिवशी उरलेलं सॅलड टाकून द्यायचं, चाखून ठरवायचं नाही.

पाटीवर काय लिहायचं

चार पदार्थ. पाचवा शनिवार-रविवारी. पाटीवर बारा नावं असलेलं पार्सल काउंटर म्हणजे फ्रीजरमध्ये बारा प्रकारची शिळी पाकिटं.

पहिला शोयू चिकन. नवख्या माणसाने याच्यापासूनच सुरुवात करावी, कारण तो उभा राहून बिघडत नाही, उलट सुधारतो. हाडासकट दीड किलो थाय, २५० मिली शोयू, तेवढंच पाणी, दीडशे ग्रॅम ब्राउन शुगर, तीस ग्रॅम ठेचलेलं आलं, सहा-सात लसूण पाकळ्या. उकळी आली की मंद आचेवर पस्तीस-चाळीस मिनिटं, एकदा उलटून. रस्सा थोडा आटवून वरून चमच्याने सोडायचा. शोयू म्हणजे आंबवून केलेला जपानी पद्धतीचा सोया सॉस. चायनीजच्या गाडीवरचा 'डार्क सोया' म्हणजे मुख्यतः मीठ आणि कॅरॅमलचा रंग. तो अडीचशे मिली घातलात तर काळंकुट्ट, कडवट काहीतरी हाती लागेल. महाग शोयूला पर्याय नाही, पैसे वाचवायचेच तर साखरेत वाचवा. चांगला गूळ चालतो, फक्त तो लवकर लागतो म्हणून आच आणखी कमी. उरलेला रस्सा गाळून, उकळून दुसऱ्या दिवशी निम्मा नव्यात मिसळता येतो. तिसऱ्या दिवशी तो खारट होतो.

दुसरा चिकन कात्सू, आणि सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच. बोनलेस थाय, डब्याला १८० ग्रॅम. ब्रेस्ट दिसायला सुबक, पण डब्यात वीस मिनिटं राहिला की कोरडा. प्लॅस्टिकखाली ठेवून बारा मिलिमीटर जाडीचा होईपर्यंत ठोका, सगळीकडे सारखा. एका बाजूला जाड राहिला तर पातळ टोक करपतं आणि जाड भाग आत गुलाबी राहतो. मांसाच्या एक टक्का मीठ, मग मैदा, फेटलेलं अंडं, पँको, म्हणजे जपानी पद्धतीचा जाडसर ब्रेडचा चुरा. पँको हाताने दाबून चिकटवा, पण चुरडू नका. हवेचे कप्पे मोडले की कुरकुरीतपणाही गेला. टोस्ट किंवा खारी दळून केलेला बेकरीतला चुरा इथे कामाचा नाही, तो आधीच भाजलेला असतो आणि चिकन शिजायच्या आत काळा पडतो. पँको मिळाला नाही तर कमी गोडाचा स्लाइस ब्रेड, कडा काढून, जाड किसणीवर किसा आणि शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये रंग न येऊ देता वाळवा. लावलेले तुकडे वीस मिनिटं फ्रीजमध्ये बसू द्या, म्हणजे तेलात कवच सुटत नाही. सकाळी लावून दुपारपर्यंत चालतात. संध्याकाळचे दुपारी परत लावा.

तेल १७२ अंशांच्या आसपास, चार ते पाच मिनिटं, आतलं तापमान ७४. सहा लिटरच्या फ्रायरमध्ये एकावेळी दोन, फार तर तीन तुकडे. रांग वाढली म्हणून पाच टाकले की तेल दीडशेवर घसरतं, कवच तेल पितं आणि सगळी रांग तेलकट कात्सू घेऊन जाते. गर्दीच्या वेळेला सोपा मार्ग आहे: गर्दीच्या जरा आधी १६० अंशांवर तीन मिनिटांची पहिली तळणी, आणि ऑर्डर आली की १८५ वर मिनिटभर. पहिल्या तळणीनंतरचा तुकडा अर्धकच्चा असू शकतो, त्यामुळे तो बाहेर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहू नये, आणि दुसऱ्या तळणीनंतर ७४ आलं का ते दर घाण्याला एकदा टोचून बघायचं. निथळायला जाळी वापरा, टिश्यू पेपर नको. कागदावर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. दोन सेंटीमीटरच्या पट्ट्या डब्यात भरायच्या क्षणी कापा.

सोबतचा सॉस: २०० ग्रॅम केचप, ६० मिली वूस्टरशर सॉस, ४० मिली शोयू, चमचाभर साखर. आपलं केचप गोड असल्याने साखर चाखून घाला. आणि एक महत्त्वाचं: पारंपरिक वूस्टरशरमध्ये अँचोव्ही नावाचा मासा असतो. व्हेज डब्याला तो चालणार नाही, त्यासाठी हिरव्या ठिपक्याची वेगळी बाटली.

तिसरा लोको मोको: भातावर पॅटी, पॅटीवर तळलेलं अंडं, वरून तपकिरी ग्रेव्ही. हा हिलो गावात १९४९ साली लिंकन ग्रिल नावाच्या छोट्या हॉटेलात सुरू झाला. तिथे पॅटी बीफची. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाच्या मांसावरही बंदी आहे. म्हशीचं चालतं, पण काउंटरच्या गिऱ्हाइकीचा विचार करता चिकन थायचा खिमा आणि मटण खिमा निम्मा-निम्मा घेतलेला बरा. नुसत्या चिकनची पॅटी ग्रेव्हीत स्पंजासारखी लागते. १२० ग्रॅमची पॅटी, मध्ये अंगठ्याने खळगा, नाहीतर शिजताना फुगून लाडू होतो. ग्रेव्हीला पन्नास ग्रॅम बटर, पन्नास ग्रॅम मैदा बदामी परतून, त्यात ७५० मिली चिकन स्टॉक आणि दोन मोठे चमचे शोयू. चमच्याच्या पाठीवर थर राहिला की गॅस बंद, गार होताना ती आणखी दाटते. अंड्याची पंचाईत अशी की मऊ बलक बंद डब्यात पंधरा मिनिटांत घट्ट होतो. तेव्हा लोको मोको ॲपवरून दूर पाठवू नका. काउंटरवरून घेऊन समोरच्या कट्ट्यावर बसणाऱ्यालाच द्या.

चौथा व्हेज, आणि पुण्यात हा नावापुरता ठेवून भागत नाही. ऑफिसातली चार माणसं एकत्र मागवतात, त्यात एक शाकाहारी असतो आणि त्याच्यासाठी काही नसलं तर चारही डबे दुसरीकडे जातात. श्रावणात तर पाटीचा अर्धा भार यावर येतो, मंगळवार-गुरुवार आहेतच. पनीर कात्सू सगळे करतात. सुरण करून बघा. एक सेंटीमीटरच्या चकत्या, चिंच आणि मीठ घातलेल्या पाण्यात सात-आठ मिनिटं, म्हणजे खाजही जाते आणि अर्धं शिजतंही. फडक्यावर कोरड्या करून अंड्याऐवजी शंभर ग्रॅम मैदा, वीस ग्रॅम कॉर्नफ्लोअर आणि १६० मिली पाण्याच्या घोळात बुडवून पँको. चवीला तो मांसाची नक्कल करत नाही, हीच त्याची खुबी. फ्रायर वेगळा, झारा वेगळा, जाळी वेगळी, आणि ते गिऱ्हाइकाला दिसेल असं मांडा. पुण्यात हा प्रश्न विचारला जातोच, आणि उत्तर ऐकून नव्हे, डोकावून खात्री केली जाते.

शनिवार-रविवारी कालुआ पोर्क. मूळ पद्धत जमिनीतल्या 'इमू' नावाच्या खड्ड्यातली, तापलेल्या दगडांवर, 'टी' नावाच्या झाडाच्या (चहाच्या नव्हे) पानांत. आपल्याकडे केळीचं पान, विस्तवावरून फिरवून मऊ केलेलं. अडीच किलो चरबीदार खांद्याचं मांस, ४० ग्रॅम जाडं मीठ, चमचाभर लिक्विड स्मोक (धुराच्या वासाचा अर्क), पानात आणि वरून फॉइलमध्ये गच्च गुंडाळून दीडशे अंशांच्या ओव्हनमध्ये पाच-सहा तास. आतलं तापमान ९३ झालं की काट्याने तंतू सुटतात. हाती दीड किलोच्या आत येतं, हिशेब त्यावर करा, विकत घेतलेल्या वजनावर नाही. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटात आदल्या दिवशी सांगून ठेवलेलं बरं. बिनचरबीचं मागू नका, तंतू लाकडाच्या भुशासारखे होतात.

हुली-हुली चिकन मुद्दाम रोजच्या पाटीवर ठेवलेलं नाही. हुली म्हणजे उलटणं. १९५५ मध्ये ओआहूवर अर्नेस्ट मॉर्गाडो यांनी ते लोकप्रिय केलं. शोयू, साखर, आलं, अननसाचा रस लावत कोळशावर उलट-सुलट भाजायचं. धूर एवढा होतो की दुसऱ्या दिवशी वरच्या सोसायटीचे चेअरमन खाली येतात. करायचंच असेल तर एक ध्यानात ठेवा: ताज्या अननसाच्या रसात ब्रोमेलिन असतं, ते प्रथिनं तोडतं. रात्रभर मुरवलेलं चिकन सकाळी पिठासारखं लागतं. रस उकळून घ्या किंवा डब्यातला वापरा, त्यात ते उष्णतेने निकामी झालेलं असतं. आणि साखरेचा सॉस शेवटच्या दहा मिनिटांत लावा, आधी लावला तर बाहेर कोळसा, आत कच्चं.

तिखटाचं काय, हा प्रश्न येणारच, आणि पाठोपाठ "शेझवान आहे का?" हाही. हवाईकडे याचं स्वतःचं उत्तर आहे, चिली पेपर वॉटर. आपली लवंगी मिरची दहा-बारा, उभ्या चिरून, दोन ठेचलेल्या लसूण पाकळ्या, एक चमचा मीठ, दोन चमचे व्हिनेगर, वर कपभर उकळतं पाणी. गार झालं की बाटलीत, फ्रीजमध्ये दोन दिवस मुरू द्या, आठवड्याला नवं करा. भातावर चार थेंब. ते भाताला रंगवत नाही, सॅलडची चव झाकत नाही, आणि पुणेकराचं समाधान होण्याइतकं झोंबतं. शेझवानची बाटली एकदा काउंटरवर आली की आठवड्यात सगळे पदार्थ एकाच चवीचे होतात.

डबा

हवाईतल्या जुन्या फोटोंत दिसणारा पांढरा फोमचा डबा विसरा, महाराष्ट्रात २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीत थर्माकोलचे डबे गेले. उसाच्या चिपाडाच्या लगद्याचा तीन कप्प्यांचा नऊ इंची डबा घ्या. ऊसमळ्यातलं जेवण उसाच्या चोथ्यात, जमलं तर असं जमतं. रविवार पेठेत घाऊक मिळतो, पण आधी दहा डबे आणून त्यात गरम ग्रेव्ही ओतून अर्धा तास ठेवून पाहा. हलका माल तळाशी घाम फोडतो आणि उचलताना मधोमध दुमडतो. ग्रेव्ही आणि सॉस तसेही वेगळ्या वाटीतच द्यायचे.

भरायचा क्रम ठरलेला हवा: भाताच्या दोन मुदी मोठ्या कप्प्याच्या मागच्या बाजूला, चिकन त्यांना टेकवून पुढे, सॅलड कर्णाच्या टोकाला असलेल्या लहान कप्प्यात आणि सगळ्यात शेवटी. सॅलड आधी भरून डबे रांगेत मांडले तर भाताच्या वाफेने ते कोमट होतं, आणि कोमट मेयोनीज चवीलाही वाईट नि पोटालाही. कात्सूच्या डब्याच्या झाकणाला कडेला दोन भोकं पाडा किंवा एक कोपरा उघडा ठेवा. शोयू चिकनला उलट, गच्च बंद. कागदी पिशवीत डबे एकावर एक दोनच, तिसरा ठेवला की खालची मूद चेपते.

तेलाकडे शेवटी बघतात, रोज बघायला हवं. टीपीसी, म्हणजे टोटल पोलर कंपाउंड्स, तळून तळून तेलात साचणारी खराब द्रव्यं, २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरणं कायद्यानेच बंद आहे. मोजायचं मीटर मिळतं. तेवढी ऐपत होईपर्यंत फेस, काळपट रंग आणि १७० च्या आधीच निघणारा धूर, यातलं एक दिसलं तरी तेल बदला. पँकोचा गळालेला चुरा दर घाण्यानंतर बारीक जाळीने काढला तर तेच तेल बरंच जास्त टिकतं, कारण तेल काळं करतो तो मुख्यतः तळाशी जळणारा चुराच. अन्न परवान्याचं काम केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर होतं, नोंदणी लागते की परवाना हे उलाढालीवर ठरतं, आणि त्याचा चौदा आकडी क्रमांक बिलावर छापावा लागतो. दोन इलेक्ट्रिक फ्रायर आणि एक मोठा राइस कुकर एकाच वेळी चालला तर साध्या दुकानाचं वीजजोड तो भार घेईलच असं नाही. गाळा घेण्याआधी मंजूर भार बिलावर वाचा, घरमालकाला विचारू नका. तो "काही प्रॉब्लेम नाही" म्हणतो.

दुपारी अडीचला जे उरेल त्याचा निकाल तिथल्या तिथे लावा. शोयू चिकन संध्याकाळला चालतं, उकळी आणून. न तळलेला कात्सू फ्रीजमध्ये, पण संध्याकाळी तळण्याआधी पँको ताजा लावून. तळलेला कात्सू स्टाफच्या पोटात. आणि सॅलडच्या ट्रेमध्ये शेवटची मूद उरली असेल तर ती उद्याच्या ताज्या ट्रेमध्ये ढकलायची नाही, ट्रे धुवायला टाकायचा.